वरून-खालून कापलेला दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. खरं सांगायचं तर मी दरवाजाचा मधला तुकडा आहे. डोकं नाही, पाय नाहीत, नुसतं पोट. सध्या मला धोबीघराच्या अंगणात विटांच्या दोन चळतींवर आडवं टाकलं आहे आणि माझ्यावर चादरींच्या घड्या घालतात. ऊन असलं की बरं वाटतं, पावसाळी हवा असली की अंग फुगतं. कुणी विचारायला येत नाही, त्यामुळे आठवत बसायला वेळ भरपूर मिळतो. तुम्ही आला आहात तर बसा जरा. माझ्या गोष्टीत हसण्यासारखंही थोडं आहे, तिथे खुशाल हसा.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या सुताराच्या दुकानात झाला. समोर कुलपांचं दुकान, शेजारी शिंपी, आणि आमच्या दुकानात घोट्यापर्यंत भुसा. सुतार वयस्कर होता. त्याच्या चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली होती. माझं लाकूड त्यानं स्वतः निवडलं, उन्हात वाळवलं, गाठी असलेल्या फळ्या बाजूला काढल्या. रंधा मारून झाला की तो माझ्यावर गाल टेकवायचा आणि एक डोळा मिटून पाहायचा, कुठे उंचवटा राहिला की काय. तोवर त्याची बायको जेवायला हाका मारून मारून थकलेली असायची.

"अहो, न्हाणीघराचा दरवाजा तो, राजवाड्याचा नव्हे!" ती म्हणायची. "लेकीच्या लग्नात एवढं लक्ष घातलं असतं तर जावई बरा मिळाला असता."

"जावई आज ना उद्या सुधारेल," सुतार रंधा न थांबवता म्हणायचा. "दरवाजा एकदा वाकडा झाला की झाला. आणि अगं, न्हाणीघराचाच दरवाजा धड हवा. बाहेरच्या खोलीत माणूस चारचौघांत बसतो. न्हाणीघरात तो एकटा असतो."

मी तेव्हा कोवळा होतो. मला त्याचं बोलणं काही कळलं नाही. मी उंच आहे, सरळ आहे आणि माझ्या बिजागऱ्या पितळी आहेत, एवढंच मला कळत होतं आणि तेवढ्यावरच मी खूश होतो.

मला बसवलं ते वस्तीच्या टोकाला असलेल्या एका लांबलचक इमारतीत. कागदावर तिचं नाव निरीक्षणगृह होतं, पण बोलताना सगळे रिमांड होमच म्हणत. ज्या मुलांवर गुन्ह्याचा आळ आला आहे, त्यांना निकाल लागेपर्यंत तिथे ठेवत. लांब व्हरांडा, त्याच्या एका बाजूला झोपायच्या खोल्या, दुसऱ्या बाजूला मोकळं आवार, आणि व्हरांड्याच्या टोकाला ओळीनं न्हाणीघरं. आत नळ, बादली आणि कोपऱ्यात शौचाची सोय, सगळं एकातच. त्या ओळीतला शेवटचा दरवाजा मी.

तिथे सगळे मुलगेच होते, तेही मिसरूड फुटलेले. ते मला लाथेनं उघडायचे, खिळ्यानं माझ्या पाठीवर नाही नाही ते कोरायचे. एक जण आत शिरला की बेसूर गाणं सुरू करायचा आणि बाहेरचे ओरडायचे, "आटप रे, तुझ्या गाण्यानं टाकीतलं पाणी आटलं!" मी सगळं सोसत होतो. कारण मला दुसरंही काही ठाऊक होतं. हीच दांडगी पोरं कधी कधी आत यायची, नळ मोठा सोडायची आणि त्या आवाजात रडून घ्यायची. बाहेर पडताना तोंड धुतलेलं असायचं, कुणाला काही पत्ता लागायचा नाही. एवढ्या मोठ्या इमारतीत एकट्यानं रडायची सोय फक्त आमच्याआड होती. सुतार काय म्हणत होता ते मला तिथे कळलं.

तिथले अधीक्षक, म्हणजे सगळ्यांचे साहेब, पाहुणे आले की माझ्यापाशी थांबायचे. "हा शेवटचा दरवाजा बघा. इतकी पोरं आदळआपट करतात, पण कधी कुरकुरला नाही," असं म्हणून माझ्या पाठीवर थाप मारायचे. मित्रांनो, तेव्हा मी किती फुगायचो म्हणून सांगू! पावसाळ्यातसुद्धा एवढा फुगत नसे.

मग ती वाईट सकाळ आली. माझ्या शेजारच्या न्हाणीघरात एक मुलगा साबणावरून घसरला आणि त्याचं डोकं नळावर आपटलं. कडी आतून लावलेली. बराच वेळ कुणाच्या लक्षातच आलं नाही. शेवटी पहारेकऱ्यानं पहार घालून कडी उचकटली आणि त्याला बाहेर काढलं. मुलगा वाचला, टाक्यांवर निभावलं. पण साहेबांनी धसका घेतला. 

"सगळे दरवाजे वरून आणि खालून कापून टाका," ते म्हणाले. "आतल्या मुलाचं डोकं दिसलं पाहिजे, पाय दिसले पाहिजेत. उद्या एखाद्याचं काही बरंवाईट झालं तर त्याच्या आईला मी काय तोंड दाखवू?"

त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती, म्हणून मला रागही धड येईना. विजेची करवत घेऊन एक माणूस आला आणि त्यानं आम्हाला ओळीनं कापलं. खांद्याच्या वरचं गेलं, गुडघ्याच्या खालचं गेलं. मध्ये कडी तेवढी राहिली. कापलेल्या कडांना रंधा मारायचेही कष्ट कुणी घेतले नाहीत.

मुलांनी आमचं नाव ठेवलं 'बनियन'. "कुठलं बनियन रिकामं आहे रे?" असं विचारत ते व्हरांड्यातून पळत यायचे. चार दिवस चिडवाचिडवी झाली, मग ते सरावले. आत असताना बाहेरच्याशी गप्पा मारू लागले. फक्त नळ मोठा सोडून रडणारं पुन्हा कुणी आलं नाही. त्यांचं रडणं कुठे गेलं, कुणास ठाऊक.

बरीच वर्षं अशी गेली आणि एक दिवस मुली आल्या.

दुसऱ्या गावी मुलींचं निरीक्षणगृह होतं, त्याचं छत खचलं. तिथल्या मुली जागा मिळेल तिथे पाठवल्या आणि दोघी आमच्या वाट्याला आल्या. "तात्पुरती व्यवस्था आहे," जो तो म्हणत होता. हा शब्द मी तिथे फार ऐकला आहे. आमच्या व्हरांड्यात एक बाक तात्पुरता म्हणून ठेवला होता, त्याचे पाय गंजून गेले तरी तो जागचा हलला नव्हता.

मुली यायच्या आधी साहेबांची धांदल उडाली. फाटक्या गाद्या ठेवायची कोपऱ्यातली खोली रिकामी केली, झाडून घेतली. "आणि न्हाणीघरसुद्धा वेगळं हवं. मुलींचा प्रश्न आहे," साहेब म्हणाले. शेवटचं न्हाणीघर त्या खोलीला लागून होतं, म्हणून माझी निवड झाली. आता मला पुन्हा डोकं आणि पाय मिळणार, या आशेनं मी हरखून गेलो. आला कोण, तर रंगारी! त्यानं मला गुलाबी रंग दिला. पोटाला पुढून-मागून, भरघोस.

साहेब चार पावलं मागे सरकले. "वा! आता कसं मुलींचं वाटतंय!"

मुलींसाठी म्हणून नव्यानं कामाला लागलेल्या मावशी तिथेच उभ्या होत्या. ठेंगण्या, पदर खोचलेला, जिभेला हाड नसलेल्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"रंग झकास आहे साहेब," त्या म्हणाल्या. "पण दार कुठे आहे?"

"हे काय समोर!"

"हे तर दाराचं पोट आहे. बाकीचं कुठाय?"

साहेब हसले. "अहो मावशी, तात्पुरतं आहे. मी वर कळवलं आहे."

दोघी मुली नात्यानं एकमेकींच्या कुणी नव्हत्या, पण पहिल्याच आठवड्यात त्यांची नावं पडली, थोरली आणि धाकटी. धाकटी एवढीशी होती. तिचा मामा चोऱ्या करायचा आणि अरुंद खिडकीतून आत सोडायला तिला बरोबर न्यायचा. मामा पळून गेला आणि ही खिडकीत सापडली. थोरली पंधराची असेल. ती एका घरी कामाला होती. मालकिणीची कानातली हरवली आणि आळ हिच्यावर आला. ती बोलायची कमी, पण बोलली की समोरच्याकडे सरळ पाहायची.

पहिल्या दिवशी थोरली टॉवेल घेऊन माझ्यापर्यंत आली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग वळून मागे पाहिलं. मागे मोकळं आवार आणि त्यात कवायत करणारे मुलगे. व्हरांड्यात पहारेकरी, तोही पुरुष.  टॉवेल छातीशी धरून खोलीत परत गेली. मित्रांनो, माझ्या अंगावर लाथा बसल्या आहेत, करवत चालली आहे, पण त्या मुलीच्या परत जाण्यानं मला जितकं लागलं तितकं कशानंच लागलं नाही.

वाट काढली ती धाकटीनं. तिनं थोरलीचा हात धरून तिला ओढत आणलं.

"तू जा आत, ताई. मी होते दार!"

आणि ती माझ्यापुढे हात पसरून उभी राहिली. पण तिची उंची ती काय! खालचं झाकलं तर वरचं उघडं. मग तिनं बादली पालथी घातली, तिच्यावर चढली आणि दोन्ही हातांनी टॉवेल डोक्यावर ताणून धरला. आता खालचं उघडं राहिलं, तिथे तिनं खोलीतली उशी उभी केली. पहारेकऱ्याला हे बघून हसू आवरेना.

"काय गं, रहदारीची पोलीस झालीस का?"

"काका, तुम्ही तिकडे तोंड करून उभे राहा बघू. इथे काम चालू आहे," धाकटी ठसक्यात म्हणाली.

पहारेकरी ओशाळला. तो वळला आणि पाठ करून उभा राहिला. आवारातल्या एकदोघांनी शिट्ट्या मारल्या, तर त्यांनाही त्यानं दम भरला. त्या दिवसापासून तसंच चालू झालं. आधी धाकटी दार व्हायची, मग थोरली. बादलीवर उभं राहून धाकटीचे हात भरून यायचे, पण ती टॉवेल खाली येऊ देत नसे. त्या दिवसांत थोरली पोटभर जेवायची, पाणी प्यायची, आणि एकदा तर आत गुणगुणलीसुद्धा.

मावशींना मात्र हे पटत नव्हतं. "एवढीशी पोर ती, तिनं किती दिवस भिंत होऊन उभं राहायचं?" असं म्हणून त्यांनी माझ्या वरून खालपर्यंत एक चादर लावली. साहेबांनी ती पाहिली आणि लगेच काढायला लावली.

"चादर, दोरी, नाडी, इथे असलं काही टांगायचं नाही, मावशी. का ते तुम्हाला मी सांगायला नको."

मावशींना ते माहीत होतं. त्या म्हणाल्या, "तर मग पूर्ण दार लावा."

"आत कुणाला काही झालं तर कळणार कसं?"

"हाक मारून! मी बाहेरून विचारीन, ठीक आहेस ना गं? ती म्हणेल, हो मावशी. माणसाला तोंड कशाला दिलंय?"

"तुमचं म्हणणं मी वर कळवतो," साहेब म्हणाले. त्यांनी कळवलंही असेल. पण वरून काही खाली आलं नाही.

पुढे एक तपासणी अधिकारी बाई आल्या. धाकटीला पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. एवढी लहान मुलगी इथे मुळात असायलाच नको, असं त्यांनी साहेबांना खडसावून सांगितलं आणि थोड्याच दिवसांत तिची लहान मुलांच्या वसतिगृहात सोय लावली. तिची आजी तिथून जवळ राहत होती. सगळ्यांना आनंद झाला. व्हायलाच हवा होता. थोरलीनं तिच्या वेण्या घालून दिल्या. जाताना धाकटी पहारेकऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"काका, आता मी नाहीये. तुम्ही आठवणीनं तिकडे तोंड करत जा हं."

"हो गं माझे बाई," तो म्हणाला.

त्यानं शब्द पाळला. पण त्याची पाळी संपली की दुसरा यायचा, तिसरा यायचा. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं आणि थोरली सांगायला धजत नव्हती. मावशींना दुपारपर्यंत स्वयंपाकघर, मग धोबीघर, आणि संध्याकाळ झाली की त्या घरी. सवड काढून त्या माझ्यापुढे येऊन उभ्या राहायच्या, नाही असं नाही. पण तहान काही मावशींची सवड बघून लागत नाही. म्हणून थोरलीनं आपल्यापुरता उपाय शोधला. तिनं पाणी पिणंच कमी केलं.

मला ते लवकर कळलं, कारण माझी कडी वाजेनाशी झाली. मावशींना उशिरा कळलं.

"पेला भरलेला तसाच? अगं, ऊन मी म्हणतंय आणि तुला तहान नाही?"

"नाही मावशी. खरंच नाही."

"तोंड सुकून गेलंय तुझं!"

"सुनावणीची धाकधूक आहे, म्हणून असेल," ती म्हणाली. मावशींना ते खरं वाटलं. त्यात थोडं खरं होतंही.

कारण सुनावणी जवळ आली होती. थोरली ज्या घरी कामाला होती, तिथली स्वयंपाकीणबाई तिला भेटायला आली, तेव्हा दोघी त्या गंजक्या बाकावर माझ्याशेजारीच बसल्या होत्या. बाई म्हणाली, "तू घाबरू नकोस. त्या दिवशी सबंध वेळ तू माझ्याजवळ वाटाणे सोलत होतीस. मी येऊन तसं न्यायाधीश बाईंना सांगणार आहे. फक्त तारीख पुढे जाता कामा नये बघ. लेकीचं बाळंतपण आलंय. ती समुद्रापलीकडे, मला दुसऱ्याच दिवशी निघायचंय. एकदा गेले की वर्षभर परत येत नाही."

थोरलीची सुटका त्या एका दिवसावर होती. ती हजर राहायला हवी होती आणि बाई हजर राहायला हवी होती, बस. मावशींनी तिची तयारी सुरू केली. बाकावर बसून त्या चष्मा नाकाच्या टोकावर आणायच्या आणि आवाज जड करायच्या.

"हं, मी न्यायाधीश. बोल मुली."

"उभं राहून बोलू की बसून?"

"उभं राहून. आणि न्यायाधीशाला हसायचं नाही!"

"तुमच्या गालाला पीठ लागलंय, मावशी."

"न्यायाधीशाच्या गालाला काहीही लागेल! तू बोल."

थोरली उभी राहायची. "मी कानातली घेतली नाहीत. मी स्वयंपाकघरात होते. बाईंना विचारा." तीनच वाक्यं, पण ती म्हणताना तिचा आवाज थरथरत नसे. मावशी चष्मा वर करून पदरानं डोळे टिपायच्या आणि म्हणायच्या, "हे असंच म्हण. यातलं अक्षर बदलू नकोस."

सुनावणीच्या दिवशी सकाळी थोरली माझ्यापाशी आली. केस विंचरलेले, धुतलेला पोशाख. तिनं माझी वरची कड धरली. तिचा हात तापलेला होता. ती आत गेली नाही, नुसती धरून उभी राहिली. मग पोटाशी हात नेऊन खाली बसली आणि बसल्या जागी कलंडली. पहारेकऱ्यानं तिला उचललं. मावशी धावत आल्या आणि तिच्या कपाळाला हात लावून किंचाळल्याच, "अंग आहे की निखारा!" गाडी आली होती न्यायालयात न्यायला. तिच्यातून तिला दवाखान्यात नेलं.

पुढचं मी व्हरांड्यातल्या बोलण्यातून ऐकलं. स्वयंपाकीणबाई दिवसभर न्यायालयाच्या बाकावर बसून राहिली. मुलगी हजर नाही म्हणून तारीख पुढे गेली. बाईंनी हातापाया पडून सांगितलं, माझं आत्ताच ऐकून घ्या. पण तसं चालत नाही म्हणे. दुसऱ्या दिवशी ती लेकीकडे निघून गेली.

मावशी दवाखान्यातून आल्या त्या सरळ साहेबांना घेऊन माझ्यासमोर आल्या. एरवी त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू असायचा. त्या दिवशी त्या हळू बोलत होत्या.

"लघवी दाबून धरून आणि पाणी न पिऊन आजार झालाय तिला, साहेब. डॉक्टरबाई मला विचारत होत्या, तुमच्याकडे पाणी नाही का? काय सांगू मी त्यांना? पाणी रगड आहे आमच्याकडे. दार नाही."

साहेब पुढे झाले. त्यांनी माझ्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं, तर बोटात लाकडाचं कुसळ घुसलं. ते तडक कचेरीकडे गेले. दोनच दिवसांत नवा दरवाजा आला. जमिनीपासून चौकटीपर्यंत पूर्ण, आतून कडी, आणि बाहेरून गरज पडल्यास ती उघडता यावी अशी सोय. वरून कुणाचं काही आलं नव्हतं, साहेबांनीच सांगितलं आणि झालं. मित्रांनो, इतकं सोपं होतं ते! बिजागऱ्या काढून मला बाजूला ठेवलं, तेव्हा मला अपमान वाटला नाही. उशीर वाटला.

तेव्हापासून मी या अंगणात आहे. इथून व्हरांड्याचं ते टोक दिसतं. थोरली बरी होऊन परत आली, तिनं नवा दरवाजा लावून घेतला, तेही मी इथूनच पाहिलं. पुढच्या तारखेला ती उभी राहून आपली तीन वाक्यं बोलली. पण 'बाईंना विचारा' म्हटल्यावर विचारायला बाई नव्हत्या. निकाल तिच्याविरुद्ध गेला. तिची रवानगी लांबच्या एका सुधारगृहात झाली.

निघताना ती मावशींना भेटायला अंगणात आली. तिनं आपलं बोचकं माझ्यावर ठेवलं. मावशी चादरीची घडी घालत होत्या, ती मोडायच्या, परत घालायच्या.

"जेवत जा वेळेवर."

"हो."

"कुणी काही बोललं तर मनात ठेवू नकोस. सांगत जा."

"हो." मग थोरलीनं विचारलं, "मावशी, तिथलं दार पूर्ण असेल ना?"

मावशींनी घडी घालायची सोडून दिली.  त्यांनी तिला जवळ घेतलं आणि ती निघेपर्यंत सोडलं नाही.

मित्रांनो, आम्हा दरवाजांना नीट ठेवा, तेलपाणी करा, असं सांगून माझ्यासारखे निरोप घेतात. मला ते नको आहे. मला रंग देऊ नका, बिजागऱ्यांना तेलही नको. मोठे झालात आणि मुलांसाठी एखादी जागा बांधायचं काम तुमच्या हाती आलं, तर एवढंच करा, मूल यायच्या आधी ती त्याच्यासाठी तयार ठेवा. मोठ्या मुलांसाठी बांधलेल्या जागेत मुलींना आणि लहानग्यांना दाटीवाटीनं बसवून त्याला व्यवस्था म्हणू नका. मूल कुठल्याही आळाखाली आलेलं असो, त्याला तहान लागते, लाज वाटते, रडू येतं.

परवा एक नवी मुलगी आली. अगदी लहान, कशीबशी आठनऊची. तिचीही व्यवस्था तात्पुरतीच. मावशींनी तिला त्या नव्या दरवाजाआड पाठवलं आणि बाहेर उभ्या राहिल्या. आतून उड्या मारल्याचा आवाज येऊ लागला. कडी मोठ्या मुलीच्या हिशेबानं बसवलेली, हिचा हात तिथवर पुरेना.

"साहेब!" मावशींनी व्हरांड्यातून हाक मारली. "दार आहे, पण कडी आभाळात आहे!"

साहेब आले. मला वाटलं, आता वर कळवतील. पण ते आले तसे दारासमोर गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी खिशातून पेन्सिल काढली.

"हात वर कर बघू, बाळा. कुठवर पोचतो तुझा?"

तिनं हात वर केला आणि साहेबांनी तिथे खूण केली. त्याच संध्याकाळी कडी खाली आली.

एवढंच करायचं होतं, मित्रांनो. मुलीच्या उंचीइतकं खाली बसायचं आणि तिला विचारायचं. थोरली आली, त्या पहिल्या दिवशीही कुणीतरी विचारायला हवं होतं. तिनं सांगितलं असतं. तिला तर चांगलं बोलता येत होतं.